एकट्यांची रांग

३ एप्रिल, बुधवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहा. बीपी उतरेल. म्हणून ही वही आणली. पहिल्याच दिवशी लिहायला भरपूर आहे, त्यामुळे डॉक्टरांचं बरं चाललंय म्हणायचं.

बायको गेल्या आठवड्यात निवृत्त झाली. पाणी खात्यात तक्रारींच्या फोनवर होती. उभा जन्म तिने लोकांची बोलणी ऐकण्यात काढला. नळ कोरडा पडला की लोक हिला शिव्या घालायचे आणि ही म्हणायची, 'समजलं, नोंद केली आहे.' ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, निरोपाची भेट म्हणून काय हवं? माझ्या निरोपाला कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते अजून बिनचूक चालतं. हिने काय मागावं? शहराबाहेरच्या थीम पार्कचा वर्षभराचा पास!

मला वाटलं, थट्टा करतेय. आज सकाळी ही बाई पँट आणि नाडीचे बूट घालून दारात.

'कुठे?'

'पार्कात.'

'कोणाबरोबर?'

'एकटीच जाते. बुधवारी गर्दी नसते म्हणे.'

यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. शेजाऱ्यांना विचारलं तर ते शब्दन् शब्द सांगतील. माझा आवाज मोठा आहे, मी नाकारत नाही. बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होतो. पट्ट्यावरून बाटल्या खणखणत जात असताना कुजबुजून काम होत नाही. लोक त्याला ओरडणं म्हणतात, मी बोलणं म्हणतो. त्याच कारखान्याने माझे कान खाल्ले आणि आता कानाला मशीन लागलं, पण त्याबद्दल कोणाला कळवळा नाही.

ती काहीतरी समजावायला लागली तसं मी मशीन काढून टेबलावर ठेवलं. हिचा आवाज मुळात बारीक, त्यात मशीन शिट्टी मारतं, डोकं उठतं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. दार लावलेलं मात्र पायाखालच्या फरशीतून कळलं.

संध्याकाळी परत आली ती केसांचं घरटं करून. गाल लाल. भांडी घासताना गुणगुणत होती. मी म्हटलं, या वयात लाज वाटत नाही? ती काही म्हणायला गेली. 'गप्प बस,' म्हणालो. बसली. एवढं एक तिचं बरं आहे, सांगितलं की गप्प बसते.

१० एप्रिल, बुधवार

पुन्हा गेली! मी पेपर वाचत असताना, मांजरीच्या पावलांनी.

लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते, पण आईला वळवायचं तर तीच वळवेल. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'बाबा, जाऊ दे ना तिला.'

'वय काय तिचं?'

'तेच म्हणतेय मी. आता नाही तर कधी जाणार?'

हल्ली सगळे असंच बोलतात, कुठून शिकून येतात कोण जाणे. मग तिने जरा थांबून विचारलं, 'आई काही बोलली का तुमच्याशी?'

'कशाबद्दल?'

'काही नाही. तीच बोलेल.'

दुपारी केस कापायला गेलो तर शेजारच्या खुर्चीत मेहुणा. तोंडाला साबण, तरी बोलायचं सोडत नाही. 'ताई पाळण्यात बसते म्हणे दर आठवड्याला? मजा आहे तुमची!' न्हाव्याची कात्री थांबली. तो आरशात हसत होता आणि मला दिसत होतं. अर्धे केस तसेच ठेवून उठावंसं वाटलं. उठलो नाही, कारण अर्धे केस घेऊन जाणार कुठे?

१४ एप्रिल, रविवार

ठरवलं. बुधवारी मीही जाणार. तिला एकटीला मोकाट सोडायचं नाही. आणि जायचंच आहे तर नीट जावं. अख्ख्या कारखान्याच्या पाळ्या ज्याने लावल्या त्याला एक पार्क लावता येत नाही काय?

पार्कचा नकाशा मागवून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसलो. माणसं मेंढरांसारखी असतात. फाटकातून आत शिरली की जे पहिलं दिसतं त्यासमोर रांग लावतात. म्हणून आपण थेट मागच्या टोकाला जायचं आणि उलटं पुढे यायचं. भूक लागायच्या आधी जेवायचं, म्हणजे बाकीचे ताट घेऊन ताटकळतात तेव्हा आपल्याला राइड रिकाम्या मिळतात. पाण्याची राइड उन्हं चढल्यावर, म्हणजे कपडे वाळतात. पोटात ढवळून काढणारं काही जेवणानंतर नाही. मोठ्या माणसांनी पार्कात जायचं म्हणजे असं डोकं वापरून जायचं, पोरांसारखं उधळत नाही.

तिला नकाशा दाखवला. ती म्हणाली, 'मला एवढं नको असतं हो. मी एकाच राइडवर बसते.'

'एकाच?'

'त्या रोलर कोस्टरवर. उतरायचं, पुन्हा बसायचं. मग बाकावर बसून आइस्क्रीम खाते आणि घरी येते.'

वर्षभराचा पास आणि एकच राइड! अशा माणसाला काय समजवायचं? मी पेन्सिल आपटली. ती म्हणाली, निदान ती राइड सकाळी आधी घेऊ या का. मी म्हटलं, ती फाटकाजवळ आहे, म्हणजे शेवटी येणार. नियम तो नियम.

मग ती म्हणाली, 'मी या महिन्यातच लेकीकडे राहायला जाणार आहे.'

'किती दिवस?'

'बघू.'

जा म्हटलं. लेकीने नवीन घर घेतलंय, मदत लागत असेल. तरीच लेक त्या दिवशी फोनवर घुटमळत होती. बायको दारात उभी राहिली, जायचं नाव घेईना. मी विचारलं, आता काय? 'काही नाही,' म्हणाली. नंतर माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसत होती. मी नकाशाकडे वळलो.

१७ एप्रिल, बुधवार

पाय गेले, मान गेली, कंबर तर विचारू नका. पण दिवस यशस्वी झाला आणि तो माझ्यामुळे झाला.

फाटक उघडलं आणि मी म्हटलं होतं तेच झालं. सगळी जनता पहिल्या पाळण्यासमोर थबकली. मी हिला घेऊन तरातरा मागच्या टोकाला. जहाज रिकामं. घसरगुंडी रिकामी. फिरणाऱ्या कपबशा रिकाम्या. कपबशीत मला गरगरलं, ते कोणाला सांगितलं नाही. प्रत्येक ठिकाणी उतरताना मी म्हणत होतो, 'बघ, नियोजन याला म्हणतात!' ती हो म्हणत होती आणि झाडांच्या वर दिसणाऱ्या त्या लोखंडी रुळांकडे बघत होती.

जेवणही ठरल्याप्रमाणे आधी घेतलं. सूप गार होतं. मी काउंटरवरच्या माणसाला तसं सांगितलं. बायको ताटात बघत बसली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब ताटं उचलून पलीकडे जाऊन बसलं. तिकडे सावली जास्त असावी.

मग शेवटी हिची राइड. तिथे दोन रांगा. एक भली मोठी, सगळ्यांची. दुसरी बाजूने, तिच्यावर पाटी, 'एकट्या येणाऱ्यांसाठी'. गाडीत कुठे एखादी जागा उरली की तिथे या रांगेतला माणूस बसवतात, त्यामुळे ती भराभर सरकते. ही आपली सवयीने त्या रांगेत शिरली.

'इकडे कुठे?'

'मी नेहमी इथूनच जाते. पटकन नंबर लागतो.'

'नवरा शेजारी धडधाकट उभा आहे आणि तू एकट्यांच्या रांगेत?'

लोक वळून बघायला लागले. मी तिचा दंड धरून मोठ्या रांगेत आणली. ती म्हणाली, 'अहो, लोक...' मी म्हटलं, 'गप्प बस.' मग आम्ही उन्हात उभे राहिलो. बराच वेळ राहिलो. दिवसभरात नियोजन चुकलं ते इथे एकदाच. सकाळी आधी इथे आलो असतो तर रांग लागली नसती. ती तसं म्हणाली होती खरी, पण तिने ते नियोजन करून म्हटलं नव्हतं.

वर फलाटावर एक बाई आहे. सगळे बसले की ती प्रत्येकाच्या मांडीवर लोखंडी दांडी दाबून बसवते आणि खेचून बघते. जाडजूड, खणखणीत आवाजाची. आवाज मला आवडला, कारखान्यात चालली असती. हिला बघून ती दांडीवाली ओरडली, 'ताई! आज उशीर? आणि आज चक्क जोडीने! मागचीच सीट ना?' माझ्या बायकोला पार्कात ओळखतात. कारखाना सोडल्यापासून मला बाजारातसुद्धा कोणी ओळखत नाही. मला ते आवडलं नाही.

दांडीवालीने माझ्या कानाकडे बोट दाखवून ट्रे पुढे केला. मशीन काढून द्यावं लागलं, उडून जातं म्हणे. त्यामुळे माझी सगळी राइड मुकाट झाली. साखळी गाडीला वर ओढते ते हाडांत जाणवत होतं. टोकावर गाडी क्षणभर थांबली. खाली माणसं एवढीएवढीशी. आणि मग खालची जमीनच कोणी काढून घेतली.

मी डोळे मिटले. खोटं कशाला लिहू, मिटले. मधे एकदा उघडले तर शेजारी ही. केस उभे, मानेच्या शिरा टरारलेल्या, तोंड इतकं उघडलेलं की दाढांत भरलेली चांदी दिसावी. आणि तोंड माझ्याकडे. मलाच काहीतरी ओरडून सांगत होती. घाबरली होती बिचारी. मी मान हलवून म्हणालो, 'आहे, मी आहे!' त्यावर तिचं तोंड आणखी उघडलं.

गाडी थांबली तेव्हा ती डोळे पुसत होती. हसत होती की रडत होती ते मशीनशिवाय कळेना. पुढच्या सीटवरचे लोक वळून माझ्याकडे बघत होते. दांडीवाली दोन्ही हात कमरेवर ठेवून हसत होती. मी हात वर करून सगळ्यांना दाखवलं, काही नाही, सगळं ठीक आहे.

खाली फोटोचं दुकान आहे. गाडी कोसळते नेमकी तिथे कॅमेरा लावलाय. आमचा फोटो घेतला.

२१ एप्रिल, रविवार

फोटो फ्रिजवर लावलाय, चुंबकाखाली. पाणी प्यायला गेलो की बघतो. दर आठवड्याला एकटीने जाण्याच्या बढाया, आणि खरी वेळ आली तेव्हा हाक कोणाला मारली? मेहुण्यालाही बोलावून दाखवला. तो म्हणाला, 'हं.'

बायको म्हणते, काढून टाका. 'का? चांगला आलाय,' म्हटलं. ती तोंड फिरवून उभी राहिली. खांदे हलत होते.

लेक आज आईला न्यायला आली. पाणी घ्यायला गेली आणि फोटोसमोर थांबली ती थांबलीच.

'बाबा, आई यात काय म्हणतेय?'

'काय म्हणणार? घाबरून मला हाक मारतेय.'

लेकीने आईकडे बघितलं. आई बॅगेची चेन लावत होती. बॅगा दोन होत्या. एकीत लोकरी स्वेटर कोंबलेले. ऐन उन्हाळ्यात स्वेटर! बायकांचं सामान हा वेगळाच विषय आहे. मी म्हटलं, अख्खं कपाट नेतेस की काय? त्यावर लेक म्हणाली, 'बाबा, हळू बोला.' माझ्याच घरात! मग माझंही डोकं फिरलं. मी मशीन काढून फ्रिजवर ठेवलं, म्हटलं आता बोला काय बोलायचं ते.

निघताना बायको दारात उभी राहून बोलली. चांगली पाच-सहा वाक्यं बोलली असेल. मी म्हटलं, 'हो, हो. पोचलीस की फोन कर.' तिने माझ्या कानाकडे बघितलं, मग फ्रिजकडे बघितलं, आणि गेली.

२६ एप्रिल, शुक्रवार

फोन नाही. पोचल्याचा नाही, काही नाही. ही काय पद्धत झाली? मला साखर सापडत नाही. बरणीचं झाकण उघडत नाही. दोन वेळा मोठ्याने विचारलं, साखर कुठे ठेवलीस? मग आठवलं.

घरात कोणी बोलत नाही. शांतता असावी असं मला नेहमी वाटायचं. आता आहे, तर भिंतीवरचं घड्याळ डोक्यात जातं. आज त्याचा सेल काढून ठेवला.

१ मे, बुधवार

आज अक्षर नीट येत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी लेकीला फोन केला. म्हटलं, तुझं घर लावून झालं असेल तर आता आईला पाठव. ती म्हणाली, 'माझं घर कधीच लावून झालंय, बाबा. आई सध्या येणार नाही. तिने तुम्हाला सांगितलं ना निघताना?'

'काय सांगितलं?'

'दारात उभी राहून सांगितलं. माझ्यासमोर. तुम्ही हो म्हणालात.'

मी ओरडलो. म्हणजे या वेळी मी याला ओरडणंच म्हणतो. लेकीने फोन ठेवला.

बुधवार होता. मला वाटलं, हे सगळं नाटक आहे, ती पार्कात सापडेल. तिथेच चार शब्द सुनावायचे. तसाच चपला घालून निघालो. नकाशा वगैरे काही घेतला नाही. फाटकातून शिरलो आणि जे पहिलं दिसलं त्यासमोर जाऊन उभा राहिलो.

ती नव्हती. बाकावर नव्हती, आइस्क्रीमच्या गाडीपाशी नव्हती. रोलर कोस्टरची मोठी रांग तीच, लांबलचक, सगळे दोघं-दोघं, चौघं-चौघं. मी रांगेत शिरायला गेलो तर तिथल्या माणसाने विचारलं, 'किती जण?' मी शेजारी बघितलं. त्याने बाजूची पाटी दाखवली.

एकट्यांच्या रांगेत माझ्यापुढे तिघंच होते. खरंच भराभर सरकते.

दांडीवालीने ओळखलं. 'काका! आणि ताई कुठेय?'

'लेकीकडे गेलीय.'

'लवकर बोलवा हो तिला. ती नसली की आमचा बुधवार अळणी जातो. ती ओरडायला लागली की खाली आइस्क्रीमवाल्यापर्यंत ऐकू जातं.'

'तिचा आवाज बारीक आहे,' मी म्हणालो.

'बारीक?' ती पोट धरून हसली. मग तिने मान मागे टाकली आणि त्या खणखणीत आवाजात ओरडून दाखवलं. मशीन माझ्या कानातच होतं.

'गप्प बस! गप्प बस! गप्प बस! टोकावरून सुटली की थेट खालपर्यंत हेच. पहिल्या दिवसापासून. आम्हाला वाटायचं, गाडीला दटावते. आता तर आम्हीही तिच्याबरोबर म्हणतो. आणि त्या दिवशी तुम्ही शेजारी होतात ना, तेव्हा तर बाई अशी काही...'

ती मधेच थांबली. हसू गेलं. मशीन ठेवायचा ट्रे तिने पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी मशीन दिलं नाही. सीट ओलांडून पलीकडच्या दाराने उतरलो. मागून कोणीतरी माझी जागा घेतली आणि गाडी सुटली.

घरी येऊन फ्रिजसमोर उभा राहिलो. फोटोत तीही तशीच आहे, मीही तसाच. फोटो काही बदललेला नाही. हाक मारणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. पट्टा अडकला आणि बाटल्या फुटायला लागल्या की माझा असा व्हायचा. आणि त्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणत होतो, आहे, मी आहे!

प्रचंड राग आला. लोकांसमोर! अख्ख्या फलाटासमोर! आइस्क्रीमवाल्यापर्यंत! आणि तेही एकेरीत! फोटो फाडायला काढला. फाटला नाही, जाड कागदावर छापतात. मग फोन उचलला. सुनावायचे ते चार शब्द तोंडात तयार होते.

तिनेच उचलला. ऑफिसची सवय जात नाही. 'नमस्कार, बोला, ऐकते आहे.'

तेवढ्या शब्दांत माझे चार शब्द कुठे गेले कळलं नाही. मी विचारलं, 'दारात काय म्हणाली होतीस?'

'तेव्हा सांगितलं ना.'

'तेव्हा मशीन फ्रिजवर होतं.'

मागे कुठेतरी लेकीच्या घरातलं नळाचं पाणी वाहत होतं, ते कोणीतरी बंद केलं.

'आणि आता?' तिने विचारलं.

'आता कानात आहे.'

मग ती सुरू झाली. आवाज बारीक नाही. अजिबात नाही. मशीन शिट्टी मारतंय. लग्नानंतरच्या पहिल्या घरापासून सुरू केलंय, जिना, शेजारी, लेकीच्या बारशाला मी पाहुण्यांसमोर काय बोललो होतो ते, सगळं तारीखवार. माझ्या भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा सोडलं नाही. निम्मं खोटं आहे. निदान थोडं तरी खोटं आहे. दोनदा मी तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले होते बोलू नका, लिहा, म्हणून एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने हे लिहितोय. ती अजून बोलतेच आहे, आता आम्ही लेकीच्या शाळेपर्यंत आलोय.

मधेच थांबून तिने विचारलं, 'ऐकताय का?'

माझा हात कानाकडे गेला होता. तो खाली घेतला.

'ऐकतोय,' म्हणालो. ती पुन्हा सुरू झाली.